फुले उधळणाऱ्या हातांना

२०१९ च्या नोव्हेंबरअखेरीस हैदराबादजवळच्या शादनगरमधल्या वकिलांनी एक ठराव केला. शमशाबादच्या टोलनाक्याजवळ एका तरुण पशुवैद्यक स्त्रीवर बलात्कार करून तिची हत्या केल्याच्या आणि मृतदेह जाळल्याच्या आरोपावरून चौघांना नुकतीच अटक झाली होती. त्यांचे वकीलपत्र कोणी घ्यायचे नाही, असा तो ठराव. बातमी कौतुकाने छापून आली. कोणाला त्यात वावगे वाटले नाही. वकिलांनाही काळीज असते हे पाहून पुष्कळांना बरेच वाटले असणार.

आठवडाभरात, ६ डिसेंबरच्या पहाटे, ते चौघे चटनपल्लीच्या पुलाजवळ पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. तपासासाठी नेले असता त्यांनी शस्त्रे हिसकावली, दगडफेक केली, म्हणून गोळीबार करावा लागला, असे पोलिसांनी सांगितले. दिवस वर येईपर्यंत पुलावर मोठी गर्दी लोटली. वरून पोलिसांवर फुले उधळली गेली, पेढे वाटले गेले, कोणी शिपायांना राख्या बांधल्या. काचीगुड्यापासून कोथरूडपर्यंतची मराठी घरेही त्या दिवशी खूश होती.

गोळीबारावर पुष्कळ लिहून झाले आहे. मला तो ठराव अधिक बोलका वाटतो. कारण गोळी ही शेवटची पायरी होती आणि आधीच्या पायऱ्या आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसांनी बांधल्या होत्या. ठाण्याबाहेर प्रचंड जमाव होता म्हणून आरोपींना न्यायालयात नेलेच नाही; तहसीलदारांनी कार्यकारी दंडाधिकारी या नात्याने ठाण्यातच काम उरकले आणि चौघांची रवानगी चेर्लापल्लीच्या तुरुंगात झाली. पुढे न्यायालयाने त्यांना पोलीस कोठडीत दिले. या सगळ्या दिवसांत त्यांच्या बाजूने एक साधा प्रश्न विचारणारे माणूस कुठेच नव्हते.

वकील असता तर त्याने काय केले असते? त्यांना निर्दोष सोडवले असते असे मुळीच नाही. कोणताही बरा फौजदारी वकील पहिल्या भेटीत वय विचारतो. पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाने तेच विचारले आणि शाळेच्या नोंदी तपासून निष्कर्ष काढला की चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अठरा वर्षांखालचे होते. अल्पवयीनाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. गुन्हा कितीही भयंकर असो, त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. सोळा वर्षांवरच्या मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालवायचा का, ते ठरवण्याची सोय २०१५ च्या कायद्यात आहेच. म्हणजे त्या पहाटे ते तिघे पोलिसांच्या ताब्यात असायलाच नको होते. शाळेचा दाखला मागणाऱ्या एका वकिलाने हे उघडकीस आणले असते. त्या वकिलाची वाट ठरावाने बंद केली. असे ठराव वकिली धर्माच्या आणि राज्यघटनेच्या विरुद्ध आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगून ठेवले होते.

या प्रकरणात आयोग नेमला गेला त्याला मराठी माणसांचा हातभार आहे. सरन्यायाधीश होते नागपूरचे शरद बोबडे. चकमकीच्या दुसऱ्याच दिवशी जोधपूरच्या एका समारंभात ते बोलले, त्याचा आशय असा की न्याय झटपट उरकता येत नाही आणि त्याचा सूड झाला की तो न्याय राहत नाही. त्यांच्याच खंडपीठाने १२ डिसेंबरला आयोग नेमला. अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर: जन्म चंद्रपूरचा, वकिली नागपूरची. सोबत मुंबई उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्ती रेखा बलदोटा आणि सीबीआयचे माजी संचालक कार्तिकेयन. मध्ये कोविड आला, मुदती वाढल्या, आणि २० मे २०२२ रोजी अहवाल लोकांसमोर आला. त्यात गुळमुळीत काही नव्हते. पोलिसांची कहाणी विश्वासार्ह नाही. मरण यावे याच हेतूने या चौघांवर गोळ्या झाडल्या गेल्या. दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा. प्रकरण तेलंगणा उच्च न्यायालयाकडे गेले आणि तिथे रेंगाळले. पुलावर फुले घेऊन धावलेल्या गर्दीतले कोणी हा अहवाल वाचायला धावले नाही.

अहवाल उघड झाला त्यानंतर जेमतेम आठ दिवसांनी, २८ मे २०२२ रोजी, त्याच हैदराबादमध्ये, पण ज्युबिली हिल्ससारख्या श्रीमंत वस्तीत, एका अल्पवयीन मुलीवर गाडीत सामूहिक बलात्कार झाला. आरोपी वजनदार घरांतली मुले होती, बहुतेक अल्पवयीन. त्यांच्या वयाची नोंद लगेच झाली. ती बाल न्याय मंडळापुढे गेली. त्यांना वकील मिळाले, पुढे जामीनही मिळाला. प्रौढ म्हणून खटला चालवावा की नाही, याचा युक्तिवाद उच्च न्यायालयापर्यंत रीतसर झाला. हे सगळे योग्यच होते, कायदा असाच चालायला हवा. पण मग चटनपल्लीची ती लॉरीवर काम करणारी, खेड्यातून आलेली पोरे? दोन्ही वेळा संताप तितकाच खरा होता. फरक होता तो आरोपीच्या बापाच्या खिशात. आरोपीचे हक्क नकोत असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात ते गरिबाला नकोत, एवढेच आपण म्हणत असतो. श्रीमंताकडे ते असतातच आणि आपल्या टाळ्यांनी ते कमी होत नाहीत.

आता फुलांखाली काय झाकले गेले ते पाहा. २७ नोव्हेंबरच्या रात्री मुलगी घरी आली नाही म्हणून घरचे लोक पोलिसांकडे धावले, तेव्हा त्यांना हद्दीचे कारण ऐकावे लागले. ही हद्द आमची नाही, त्या ठाण्यात जा. या दिरंगाईबद्दल तीन पोलिसांना निलंबित केले गेले. चकमक झाली नसती तर खटल्यात या रात्रीची उलटतपासणी झाली असती. फोन कधी आला, गाडी कधी निघाली, कोणत्या ठाण्याने किती वेळ घालवला, चौघांपैकी कोणी काय केले, हे सगळे शपथेवर बाहेर आले असते. मृत मुलीच्या आईबापांचा त्यावर हक्क होता. तो पहाटेच्या गोळ्यांनी संपला. पीडितेच्या नावाने टाळ्या वाजवणाऱ्यांच्या हे लक्षातही आले नाही, आणि हे मला गोळीबाराइतकेच भयंकर वाटते.

हे शहर नेहमीच असे नव्हते. मार्च १९७८ मध्ये, बरकतपुऱ्यातल्या मराठी वस्तीपासून जवळच असलेल्या नल्लाकुंटा ठाण्यात, रात्री सिनेमा पाहून परतणाऱ्या एका गरीब जोडप्याला नेण्यात आले. त्यातल्या स्त्रीवर पोलिसांनी बलात्कार केला आणि तिच्या रिक्षाचालक नवऱ्याला इतके मारले की तो मेला. तेव्हा हैदराबाद पोलिसांविरुद्ध रस्त्यावर आले. ठाण्यावर मोर्चा, जाळपोळ, गोळीबार, संचारबंदी, सगळे झाले. न्यायमूर्ती मुक्तदर यांच्या आयोगाने पोलिसांना दोषी धरले. खटला मात्र राज्याबाहेर रायचूरला गेला आणि तिथे १९८१ मध्ये आरोपी पोलीस सुटले. त्याच दशकात आपल्याकडे, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात, एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला होता आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेही आरोपी सोडले. त्या निकालाविरुद्ध चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी आणि लतिका सरकार यांच्याबरोबर वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर ही मराठी माणसे त्यात होती. नल्लाकुंटा आणि देसाईगंज या दोन ठाण्यांच्या नावाने देशभर स्त्रिया उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे १९८३ मध्ये कोठडीतल्या बलात्काराचा कायदा कडक झाला.

म्हणजे ज्या कायद्याच्या जोरावर आज आपण बलात्काऱ्याला शिक्षा मागतो, तो पोलिसांवर अविश्वास दाखवणाऱ्या लोकांनी मिळवून दिला आहे. पोलीस कोठडीच्या बंद दाराआड काय घडते ते आम्हाला कळले पाहिजे, असा हट्ट त्यांनी धरला. याच हट्टाने आणखी एक मराठी माणूस हैदराबादला आला होता. सासवडचे वि. म. तारकुंडे, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तिपद सोडून आलेले. आणीबाणीत आंध्रमध्ये ‘चकमकीं’त मारलेल्या तरुणांची चौकशी करायला जयप्रकाश नारायण यांनी १९७७ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हैदराबादचे वकील के. जी. कन्नबिरन तिचे सचिव होते. मारले गेलेले नक्षलवादी होते की नव्हते, हा त्यांचा प्रश्न नव्हता. त्यांना पकडून मग मारले का, हा होता. कन्नबिरन आणि नंतर गणिताची प्राध्यापकी सोडून आलेले बालगोपाल हाच प्रश्न आयुष्यभर विचारत राहिले. २००९ मध्ये आंध्र उच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितले की चकमकीत माणूस मेला तर गुन्हा नोंदवलाच पाहिजे आणि स्वसंरक्षणाचा बचाव खटल्यात सिद्ध करायचा. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्या चकमकींवरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सोळा नियम घालून दिले. पाच वर्षांनी चटनपल्ली घडले आणि आणखी पाच वर्षांनी बदलापूरच्या लैंगिक अत्याचार प्रकरणातल्या आरोपीला मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागली. मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक झळकले. तेव्हाही पेढे होते.

‘आणि तो निर्दोष असेल तर?’ हा प्रश्न आपण फार हलक्याने घेतो. १८ मे २००७ रोजी शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी मक्का मशिदीत स्फोट झाला. नऊ माणसे स्फोटाने मेली, आणखी काही नंतरच्या पोलीस गोळीबारात. मग जुन्या शहरातल्या मुसलमान पोरांची धरपकड सुरू झाली. ‘उठाको ले गए’ हा तिथला शब्दप्रयोग, त्यात वॉरंट नसते की वेळेची नोंद. राज्याच्या अल्पसंख्याक आयोगाने वकील रविचंदर यांना चौकशीला नेमले. शहराबाहेरच्या खासगी जागांत डांबणे, विजेचे झटके, दिवसच्या दिवस नोंद नसणे, असे सगळे त्यांच्या अहवालात आले. ही मुले पुढे न्यायालयातून सुटली. स्फोटाचा तपास सीबीआयकडे, मग एनआयएकडे गेला आणि आरोपी म्हणून हिंदुत्ववादी गटातली माणसे उभी राहिली. १६ एप्रिल २०१८ रोजी नामपल्लीच्या न्यायालयाने त्यांनाही पुराव्याअभावी सोडले. सरकारने मध्यंतरी सुटलेल्या मुलांना नुकसानभरपाई दिली. ज्यांच्यावर खटला चालला त्यांना तीन-तीन लाख, नुसते पकडून सोडलेल्यांना वीस-वीस हजार. उच्च न्यायालयाने तोही आदेश रद्द केला.

मशिदीत मेलेल्या नऊ जणांचा खुनी कोण, याला या देशाकडे आज उत्तर नाही. पहिल्या दिवसांत, पुरावा ताजा असताना, तपासाची सगळी ताकद मारून कबूल करून घेण्यात गेली. मारणाऱ्याला हवे तेच मार खाणारा बोलतो. त्यातून खरा माणूस सापडत नाही आणि जो सापडतो त्याच्यावरचा पुरावा न्यायालयात टिकत नाही. हे काही मानवाधिकारवाल्यांनी काढलेले खूळ नव्हे. मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी इंग्रजांनी १८५५ मध्येच केली होती. आपल्याच शिपायांची रीत त्यांना पक्की ठाऊक होती, म्हणून १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात त्यांनी लिहिले की पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा धरायचा नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कायम राहिले आणि २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. दीडशेहून अधिक वर्षे न्यायालय ज्या कबुलीकडे बघतही नाही, ती आमची वर्तमानपत्रे रोज पहिल्या पानावर छापतात: आरोपीने दिली गुन्ह्याची कबुली. संपादकांनी एवढी एक ओळ छापणे बंद केले तरी पुष्कळ प्रबोधन होईल.

आणि घटनेचे काय? तिचा अनुच्छेद २२ कसा आला, ते मुद्दाम आठवावे. घटना समितीने अनुच्छेद २१ मधून कायद्याच्या योग्य प्रक्रियेची अमेरिकन हमी वगळली, तेव्हा सभागृहात आणि बाहेरही नाराजी होती. १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नवे कलम आणले आणि मोकळेपणाने सांगितले की जे गेले त्याची ही भरपाई आहे. अटकेचे कारण सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा. या गोष्टी फौजदारी प्रक्रियेत आधीपासून होत्याच. मग घटनेत कशाला, असे कोणी म्हणेल, हे त्यांनी ओळखले होते. उत्तर असे, की साध्या कायद्यात असलेले विधिमंडळ उद्या काढून टाकू शकते, घटनेतले सहज काढता येत नाही. रस्त्यात, चावडीत, ठाण्यात पिढ्यान्पिढ्या मार खाल्लेल्या समाजातून आलेल्या माणसाला हे चोवीस तास इतके मोलाचे का वाटले असतील, ते आपल्याला कळायला हवे होते. त्याच अनुच्छेदाच्या उत्तरार्धात प्रतिबंधक स्थानबद्धतेची वाटही ठेवली आहे, हे खरे; आणि तेलंगणात ती वाट राजरस्ता झाली. तिथे ‘पीडी ॲक्ट’ हे दोन शब्द रिक्षावाल्यालाही माहीत आहेत. जामीन मिळू लागला की या कायद्याखाली वर्षभर आत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हैदराबादच्याच एका प्रकरणात या सवयीवर कडक ताशेरे ओढले.

सवय खालपर्यंत झिरपते, मग तिला कायद्याचा आडोसाही लागत नाही. जुन्या शहरात रात्री ओट्यावर गप्पा मारत बसलेल्या पोरांना गाडीत घालून नेण्याच्या मोहिमेला ‘ऑपरेशन चबुतरा’ असे नाव दिले गेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये गांजाविरोधी मोहिमेत पोलीस रस्त्यावर माणसे थांबवून त्यांचे मोबाइल उघडायला लावत होते आणि व्हॉट्सॲपमध्ये ‘गांजा’ शब्द शोधत होते. दोन्हींवर मध्यमवर्ग खूश होता. आमचा मुलगा कुठे ओट्यावर बसतो, आमच्या फोनमध्ये काय आहे. जानेवारी २०२३ मध्ये मेदकच्या पोलिसांनी साखळीचोरीच्या संशयावरून हैदराबादेतून एका मजुराला उचलले. कॅमेऱ्यातल्या अंधूक चित्रातला माणूस त्याच्यासारखा दिसत होता, एवढाच पुरावा. चोवीस तास उलटून गेले तरी तो ठाण्यातच होता. चोर तो नव्हे हे कळल्यावर त्याला सोडले. रुग्णालयातून त्याने काय काय झाले ते सांगितले आणि फेब्रुवारीत गांधी रुग्णालयात तो मेला. ‘फ्रेंडली पोलिसिंग’ची जाहिरात सगळीकडे लागलेल्या राज्यात. कॅमेरे शहरभर आहेत. ठाण्याच्या प्रत्येक खोलीत, रात्रीही दिसेल असा कॅमेरा हवा, हा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश मात्र देशभर अर्धवटच राहिला.

आपल्याकडची गत निराळी नाही. परभणीत कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबर २०२४ रोजी कोठडीत मेला, तेव्हा पोलिसांवर गुन्हा नोंदवायलाच उच्च न्यायालयात जावे लागले आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कुठल्याही तालुक्यात चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर पडते. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला, पण हवालदाराच्या डोक्यातून गेलेला नाही आणि आपल्या डोक्यातून तर नाहीच.

यावर ठरलेला सवाल येतो: तुमच्या घरातली मुलगी असती तर? असती तर मीही रक्त मागितले असते. म्हणूनच निकाल माझ्या हाती नसावा, पोलिसाच्या तर नसावाच. त्याच्यावर मंत्र्याचा, वाहिन्यांचा, जमावाचा दाब असतो आणि दाबाखाली सापडेल तो आरोपी चालतो. न्यायाला लागणारा उशीर हा आक्षेप मात्र खरा आहे. २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या कैद्यांपैकी दर चारांत तीन जण अजून दोषी न ठरलेले, कच्चे कैदी होते. ही लाज आहे. पण उशिरावर उपाय म्हणजे न्यायाधीश वाढवणे, न्यायवैद्यक प्रयोगशाळा वाढवणे, सरकारी वकील चांगले नेमणे. कोपर्डीत जुलै २०१६ मध्ये बलात्कार आणि खुनाचा गुन्हा घडला, आरोपींना वकील होते, साक्षीपुरावे झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली. मुंबईवरच्या हल्ल्यातल्या अजमल कसाबला वकील द्यायलाही मुंबईतल्या वकील संघटनेचा विरोध होता. तो दिला गेला, म्हणूनच सगळा कट जगापुढे पुराव्यानिशी मांडता आला आणि म्हणूनच त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी निर्दोष सुटले. त्या वेळी जनमतावर सोपवले असते तर तिघेही एकदमच गेले असते.

मराठी माणूस हैदराबादेत पोलिसाच्या हाती सापडतो तो बहुधा निराळ्या कारणाने. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई बांधव देशभर पसरले आहेत. हैदराबाद, सिकंदराबादच्या सराफ बाजारांतही आहेत. जुने दागिने वितळवून सोने शुद्ध करून देणे हा त्यांचा धंदा. एकदा वितळले की सोन्यावर कोणाचे नाव राहत नाही, आणि तिथेच पेच आहे. कुठल्या तरी राज्यातले पोलीस एका चोराला घेऊन दुकानात येतात, चोर बोट दाखवतो, आणि दुकानदार उचलला जातो. कागदावर काही नाही. घरी फोन नाही. मग ‘रिकव्हरी’ची बोलणी: इतके तोळे भरा, नाहीतर गुन्ह्यात घेतो. ही तक्रार या व्यवसायातून वर्षानुवर्षे ऐकू येते. काही जण चोरीचा माल खरोखर घेतात, हेही नाकारायचे कारण नाही. त्यांच्यावर खटला व्हावा. पण घेतला नाही तोही तोळे भरून सुटतो, गावाकडे नातेवाईक जमीन गहाण टाकतात आणि सगळे गप्प बसतात, कारण बोभाटा झाला तर बाजारात पत जाते. अशीच घरे चटनपल्लीच्या दिवशी फुलांच्या चित्रफिती पुढे पाठवत होती, याचे मला नवल वाटते. तिकडे पुलाजवळ आणि इकडे दुकानात एकच सत्ता वावरत होती. नोंद न करता माणूस ताब्यात ठेवण्याची मुभा तिला आपणच दिली आहे.

हैदराबादच्या मराठी मंडळांनी सत्कारांवर आणि गणपतीत ढोलपथकांवर जो पैसा घातला, त्यातला थोडा आता या कामात घालावा. प्रत्येक सराफ बाजारात एक स्थानिक फौजदारी वकील आधीच ठरवून ठेवावा, त्याचा नंबर गल्ल्याजवळ लावावा. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. चोरीचा माल बाळगण्याच्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात बजावले आहे आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये ते आहे. नोटीस आली तर हजर राहावे, पळू नये. अटक केलीच, तर अटक पंचनाम्यावर घरच्या किंवा बाजारातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते, वेळ आणि तारीख लागते. रिकाम्या कागदावर सही करायची नाही. दुसऱ्या राज्यात नेणार असतील तर आधी इथल्या दंडाधिकाऱ्यापुढे उभे करून ट्रान्झिट रिमांड घ्यावा लागतो. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरला अंगावरचा प्रत्येक वळ दाखवावा. आणि नोव्हेंबर २०२५ पासून आणखी एक गोष्ट ठासून मागता येते. वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघातातून आलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे लेखी द्यायची, आरोपीला समजते त्या भाषेत द्यायची, आणि रिमांडसाठी उभे करण्यापूर्वी किमान दोन तास तरी त्याच्या हाती पडली पाहिजेत. नाहीतर ती अटक आणि तो रिमांड दोन्ही बेकायदा. विट्याहून आलेल्या कारागिराला तेलुगू वाचता येत नसेल तर सिकंदराबादच्या ठाण्यात त्याला तो कागद मराठीत मिळाला पाहिजे. मागितला की त्रास होईल, असे जुनेजाणते सांगतील. होईलही. पहिले दहा-वीस जण तो सोसतील आणि वकील प्रत्येक वेळी दंडाधिकाऱ्याला तो कागद दाखवा म्हणेल, तेव्हा ठाणेदार तो तयार ठेवू लागेल.